पद लिहा, मग बोला

आमच्या भागातल्या तलावांबद्दल एक ईमेल-गट आहे. गाळ, तलावाची पाळ म्हणजे बांध फुटणं, मासे, सगळ्यांवर चर्चा चालते. मी सावली गावची निवृत्त शिक्षिका. मला माशांतलं खाण्यापलीकडे काही कळत नाही, पण वाचत असते.

गटात एक गृहस्थ होते. निरोप एका ओळीचा, "सहमत आहे." त्याखाली सही अकरा ओळींची! माजी अध्यक्ष, विद्यमान सल्लागार, दोन पुरस्कार, तीन फोन नंबर, वर एक सुविचार. मोबाइलवर बोट दुखेपर्यंत सरकवत बसा. मी वैतागून लिहिलं की सहीला काही धरबंध असावा. गटचालकांना तेवढं निमित्त पुरलं. त्यांनी नियम काढला: सही चार ओळींची, आणि तिच्यात नाव, पद, संस्था हवीच. नसेल तर निरोप अडवला जाईल. मी मागितलं काय आणि मिळालं काय! तरी गटात मतं घेतली तेव्हा मी नियमाच्या बाजूनेच दिलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरची, आठ बायकांसोबत गावच्या तलावात मासे वाढवते. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी बोटभर पिल्लं सोडली होती. त्या माशांवरच त्यांचं वर्ष निघायचं होतं. तीन-चार दिवस आभाळ भरून राहिलं आणि एका सकाळी तिने गटाला लिहिलं, मासे पाण्यावर येऊन तोंड उघडताहेत, काय करावं? खाली नाव आणि गाव. बस.

दुपारी तिचा फोन आला.

"बाई, ते पद विचारून राह्यले. मी का लिवू? आमच्यात पद कोनालेच नाई, समद्याच पान्यात उतरतो. इथी अर्धे मासे उलटे झाले."

निरोप सकाळपासून अडकून पडला होता. माझं डोकंच फिरलं. कुणी आग लागली म्हणून ओरडलं तर त्याला हुद्दा विचारायचा? मी गटचालकांना फोन करून तोंडाला येईल ते बोलले. ते थंडपणे म्हणाले, "मॅडम, नियम तुमच्याच तक्रारीवरून झालाय."

मी तिला सांगितलं, "लिही अध्यक्ष, महिला मत्स्य गट." निरोप लगेच सुटला. वीस मिनिटांत सिरोंच्याच्या एका जाणकाराचं उत्तर आलं: पाण्यातला ऑक्सिजन कमी झालाय, खत म्हणून शेण टाकणं थांबवा, ताजं पाणी सोडा, काठ्यांनी पाणी घुसळा, आत्ताच्या आत्ता. वीस मिनिटांत! ह्या माणसाला सकाळीच कळलं असतं तर? मी तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "बाई, आमी मेलेले मासे काढून राह्यलो. अध्यक्ष लिवलं म्हून सांगतलं का त्यायनं?"

मी हो म्हणाले.