बिबड्यांच्या दिवशी नातीची तोंडी परीक्षा

त्या सकाळी गच्चीवर आम्ही पाच जणी होतो. मी, माझी सून, माझी जेठाणी म्हणजे थोरली जाऊ, शेजारची अक्का आणि माझी नात. अन् नातीच्या फोनमधे तिचे सर.

आमचं गाव सोनगीरजवळ. नात धुळ्याला कॉलेजात जाते. तिचा मोठा विषय इतिहास, अन् जोडीला एक धाकटा विषय घेतलाय, मायनर म्हणतात त्याला. जागतिक सुरक्षा. तो फोनवरच शिकवतात. कोणता देश कोणाशी का भांडतो, नदीचं पाणी कोणी अडवलं, लढाई झाली की धान्य कुठं अडकतं, असलं सगळं. मी दुसरीपर्यंत शिकलेली. आधी म्हटलं, पोरी, दुसऱ्याच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय? पण ती सांगत गेली, मी ऐकत गेले. बरं वाटायचं.

एकदा तिनं विचारलं, "आजी, तुला कशाची भीती वाटायची?"

मी म्हटलं, "उद्याची."

माझा माणूस गेला तेव्हा दोन पोरं पदरात होती. लोकांच्या शेतात कापूस वेचला. दुष्काळात विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरलं. चोराची भीती नव्हती, न्यायला होतं काय? रडून पाणी येत नव्हतं, म्हणून रडले नाही. गेले ते दिवस.

तर ही तोंडी परीक्षा. तीत पास झाली तरच तो विषय पदवीत धरणार, नाहीतर केलेलं वाया. परीक्षा दुपारची, म्हणून आम्ही सकाळी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे मोठे पापड, करायला काढले. अन् सकाळीच निरोप आला, सर आत्ताच घेणार. घरात रेंज फक्त गच्चीवर. अन् तिथंच चुलीवर पीठ शिजून तयार. त्याला आम्ही घाटा म्हणतो. तो गरम असतानाच थापायचा, गार झाला की बिबड्याला भेगा पडतात.

सून म्हणाली, "तू त्या कोपऱ्यात बस. आम्ही तोंड उघडत नाही."

सरांचे प्रश्न सुरू झाले, आम्ही ओल्या हातानं मुकाट थापत होतो. पण आमच्याकडं रीत आहे, बिबड्यांच्या दिवशी जो येईल त्याला गरम घाटा द्यायचा, वर कच्चं तेल. तसाच परत पाठवायचा नाही. जेठाणीनं फोनमधे माणूस पाहिला, अन् वाटी घेऊन थेट त्याच्यासमोर धरली.

"ओ सर, उनं उनं शे. खाई ल्या!"

सून दबक्या आवाजात म्हणाली, "मोठी माय, परीक्षा शे पोरनी!"

"मंग? परीक्षा लेणारले भूक नही लागस का? तोंड देख त्यानं, उपाशी दिसस."

सरांचा आवाज कडक झाला. "कोण आहे तुमच्याजवळ? उत्तरं सांगतंय का कोणी?"

नातीचा चेहरा उतरला. "नाही सर, घरचे आहेत."

"फोन फिरवा. सगळं दाखवा."

तिनं फिरवला. खाटांवर बिबडे वाळत होते अन् आमचे हात पिठानं भरलेले. अक्कानं घाबरून तसल्याच हातानं पदर डोक्यावर ओढला.

सर म्हणाले, "उत्तर सांगणारं इथं कोणी दिसत नाही."

जेठाणी फणकारली, "आमले काहीच येत नही का?"

सरांना हसू आलं. मग म्हणाले, "मघाचा प्रश्न सोडा. लढाई नसतानाही माणसं असुरक्षित कशी असतात, सांगा."

मी हात थांबवला. नात आधी अडखळली. मग बोलायला लागली. पाणी, धान्य, मजुरी, घर सोडून जाणारी माणसं. पुस्तकातले शब्द होते, पण बरंचसं मला कळलं. चूल विझून घाटा गार झाला तरी आमच्यातली एकही उठली नाही.

पास झाली ती. सरांनी तेव्हाच सांगितलं. भेगा पडलेले बिबडे आम्ही भाजून खाल्ले, चवीला चांगले होते. आता ती त्याच विषयाचा पुढचा भाग शिकतेय.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. घरात पोरगी परीक्षेला बसली असेल तेवढा वेळ चूल विझवा अन् हातातलं काम राहू द्या. ज्वारी पुन्हा भिजत घालता येते.