गप्प बसण्याचे तीन आठवडे

सव्वीस वर्षं त्यानं एकाच रस्त्यावर बस चालवली. पायलट हे नाव डेपोतल्या मंडळींनी ठेवलेलं. पुढे घरचेही तेच म्हणू लागले. मग साखरेनं त्याचे डोळे नेले आणि दोन वर्षांत ती मूत्रपिंडांपर्यंत पोचली. डॉक्टर वर्षांऐवजी महिन्यांत बोलायला लागले, तेव्हा पायलटनं बायकोकडे एकच गोष्ट मागितली. बसचा शेवटचा थांबा. तिथं तलावाकाठी एक झाड होतं. त्याच्या बुंध्याला टेकून तो रोज डबा खायचा.

"इतकी वर्षं डबा दिलास. तो मी कुठं उघडत होतो ते बघायला नको तुला?"

"मग बसनं जाऊ की."

"बसमध्ये मी प्रवासी म्हणून बसणार नाही. तुझ्या भावाची गाडी दारात गंजतेय, ती काढ. तू ने मला."

"मी? अहो, मला साधी सायकल येत नाही!"

"उत्तम. मोडायला वाईट सवयी तरी नाहीत."

अशी ती अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला बसली. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता आणि मागच्या सीटवर, उशीला टेकून, पायलटची वेगळी जीभ.

"कण्हतंय बघ इंजिन. खालचा गिअर टाक... हां. आता ओरडतंय! वरचा दे. मला ओरडतेस ते पुरत नाही, की गाडीलाही ओरडायला लावतेस?"

"मास्तर, ह्यांना उतरवा इथंच."

"उतरव. आंधळ्याला रस्त्यात सोडलं म्हणून पेपरात फोटो येईल तुझा."

तो ऐकायचा, ती बघायची. चौकात गाडी थांबली की विचारायचा, "काय दिसतंय?" मग ती सांगायची. शिंप्याच्या दुकानाला निळा रंग दिलाय. बँकेच्या पायरीवर कुत्रं झोपलंय आणि लोक त्याला ओलांडून जाताहेत. "कान कसे आहेत त्याचे?" एक उभा, एक पडलेला. "म्हणजे ते अजून आहे!" पायलटला कोण आनंद. बसचा माणूस पहाटे बाहेर पडायचा आणि घरी आला की आडवा व्हायचा. एवढं बोलणं त्यांच्या संसारात कधी झालंच नव्हतं. मास्तर कपाळाला हात लावायचे. "काकू, गाडी शिकताय की क्रिकेटची कॉमेंट्री करताय?"

परीक्षेला पायलटला गाडीत बसू दिलं नाही. तिनं पहिला गिअर टाकला आणि मैदानाची अख्खी फेरी पहिल्यावरच मारली. इंजिन किंचाळत होतं.

"बाई," परीक्षक म्हणाले, "बाकीचे गिअर कुणासाठी राखून ठेवलेत?"

"कुणी सांगितलंच नाही बदल म्हणून," ती म्हणाली, आणि नापास झाली.

घरी तिला हसू आवरेना. पायलट मात्र हसला नाही.

"माझ्यामुळे झालं हे. तू माझ्या कानानं चालवतेस. आजपासून मी तोंड उघडणार नाही."

"अहो, असं काय? मला बरं वाटतं तुम्ही बोललात की."

"लायसन मिळू दे. मग तलावाला जाताना इतका बोलेन की कान किटतील तुझे."

शब्दाचा पक्का माणूस. तीन आठवडे मागून चकार शब्द आला नाही. पहिले दोन दिवस ती सांगत राहिली, आज कुत्रं नाहीये, शिंप्यानं पाटी बदललीय. उत्तर येईना, तसं तिनंही सांगणं सोडलं. आरशात तो दिसायचा, तोंड खिडकीकडे, एक हात तिच्या सीटच्या पाठीवर. हळूहळू कण्हणं आणि ओरडणं तिचं तिलाच कळायला लागलं. मास्तर खूश. तीही खूश होती, हे तिनं पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

परीक्षेला पाच दिवस होते, तेव्हा पायलटला दवाखान्यात न्यावं लागलं. दोन दिवस त्याला शुद्ध नव्हती. म्हणजे तेही गप्पच गेले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दोन महिन्यांनी, भावानं आग्रह केला म्हणून, तिनं परीक्षा दिली. एकदाही न चुकता पास झाली.

"ताई, चल, तलावावर जाऊन येऊ. तूच चालव," भाऊ म्हणाला.

"आणि डबा कुणाला देऊ? झाडाला?"

मास्तरांचा फोन आला, काकांची उशी गाडीतच राहिलीय. ती घ्यायला गेली, तर एका मुलीचा तास सुरू होत होता. "बसा मागे, वाटेत घरी सोडतो," मास्तर म्हणाले. ती पहिल्यांदाच त्या सीटवर बसली. उशी मांडीवर घेतली. हात आपोआप पुढच्या सीटच्या पाठीवर गेला, आणि बोट एका भोकात शिरलं. रेक्झिन फाटून आतला स्पंज दिसत होता.

"काकांचं काम ते," मास्तर आरशात बघत म्हणाले. "गिअर बदलायची वेळ झाली की नखानं टोचायचे. प्रत्येक वेळी. मी म्हटलं, काका, सीट फाटतेय. तर ओठांवर बोट ठेवलं आणि हसले."

तिनं बोट भोकातून काढलं नाही. तशीच म्हणाली, "पाठीला कधी लागलंच नाही हो मला."

गाडी निघाली. मुलगी घाबरलेली, पहिल्या गिअरमध्येच पळवत होती. इंजिन ओरडायला लागलं. मास्तर मुद्दाम गप्प.

"दुसरा टाक, बाळा," मागून ती म्हणाली. "ओरडतंय ते."

"काकू, तिचं तिला ऐकू द्या. परीक्षेत कोण सांगणार?"

"परीक्षा तिची होईल तेव्हा होईल. आज बोलू द्या मला."

गिअर पडला. गाडी शांत झाली. तिनं डोळे मिटून घेतले.

"आता बाहेर काय दिसतंय ते सांग."

"बाहेर?" मुलगी गोंधळली. "काही नाही, काकू. नुसता रस्ता आहे."

"मग रस्ता सांग."