काही नाही, नुसताच आलोय!

चिंचवडपासून देहूरोडपर्यंतच्या पट्ट्यात आमच्या पाद्रीबाबांइतका आरडाओरडा करत लोकांकडे चहाला जाणारा माणूस त्या काळी दुसरा नव्हता, यावर मी कोणाशीही पैज लावायला तयार आहे. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरायचे आणि तिथूनच कवायतीच्या मैदानावर शोभेल अशा आवाजात ओरडायचे, "काही नाही! नुसताच आलोय!" किराणा दुकानात शिरताना तेच, रेशनच्या रांगेत उभं राहताना तेच. एका बारशाला तर जेमतेम डोळा लागलेल्या बाळाला त्यांनी या ललकारीने असं जागं केलं, की ते रडून थकेपर्यंत त्याला नावच ठेवता येईना. नव्याने राहायला आलेली मंडळी त्यांना जरा सरकलेलेच समजत. जुनी मंडळी मात्र ती हाक ऐकली की सुटकेचा निःश्वास टाकत आणि चहाचं आधण ठेवत.

त्याचं कारण पाद्रीबाबांच्या नोकरीत होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत धर्मगुरू म्हणून काढली. बासष्टच्या लढाईत ते सरहद्दीवरच्या थंडीत जखमी जवानांच्या उशाशी बसले, पासष्टला पंजाबात होते आणि शेवटी देहूरोडच्या छावणीत आले. कोणी जवान कामी आला, की घरच्यांना सांगायला साहेबांबरोबर यांना पाठवत. निवृत्त होऊन आमच्या गल्लीत घर केल्यावरही ते काही सुटलं नाही. आसपासच्या वस्तीत तसली तार आली, की पोस्टमन आधी यांच्या दारात उभा. "पाद्रीबाबा, चला बरोबर. मला एकट्याला न्हाई जमायचं." हे निमूटपणे टोपी चढवून निघत. पुढे पुढे असं झालं, की ज्या घरचा मुलगा फौजेत असे, त्या घरच्या बायका यांची टोपी लांबून दिसली तरी दारं लावून घेत. म्हणून ती हाक. नुसता चहा प्यायचा, तर आधी गल्लीला अभय द्यावं लागे.

ते लुथरन पंथाचे होते. मी एका कंपनीच्या टाइम ऑफिसातला कारकून, मला त्यातलं काय कळणार! एकदा विचारलं तर म्हणाले, "सोपं आहे राव. आम्ही पोपला मानत नाही, बायकोला मानतो." बायको दवाखान्यात नर्स होती आणि तिच्यापुढे हे खरोखरच साध्या शिपायासारखे वागत. रविवारची उपासना एका भाड्याच्या गोदामात भरे. तिसरी पाळी करून तसेच आलेले कामगार मागच्या सतरंजीवर घोरू लागत. कोणी त्यांना हलवायला गेलं, की पाद्रीबाबा प्रवचन थांबवून म्हणत, "झोपू दे त्याला. रात्रभर मशीनवर उभा होता. मी जागा आहे, देव जागा आहे, दोघं पुरे." नाताळचं प्रवचन दरवर्षी एकच. "देवदूत मेंढपाळांपुढे आला, तेव्हा आधी काय म्हणाला? भिऊ नका! कारण त्याला हे काम माहीत होतं. अवचित समोर येऊन उभं राहणाऱ्याने पहिल्यांदा हेच बोलायचं असतं." हे ऐकायला मीही जाऊन बसे, आणि नंतरचा केकही सोडत नसे.

मग एकाहत्तरची लढाई लागली. गल्लीच्या कोपऱ्यावर एक विधवा मावशी राहायची. तिचा एकुलता एक बाळू आघाडीवर होता. पाद्रीबाबांना घरी जायचं तर तिच्याच ओट्यावरून जावं लागे. तिने एक दिवस त्यांना रस्त्यातच गाठलं आणि हात जोडले. "राग मानू नगा पाद्रीबाबा, पर लढाई सरून माझा बाळू येत न्हाई, तवर माझ्या दारावरनं जाऊ नगा."

"हाक मारत गेलो तरी, आक्का?"

"हाक यायच्या आदी तुमची टोपी दिसती. काळीज बसतंय माझं."

दुसऱ्या दिवसापासून पाद्रीबाबा मागच्या नाल्याने घरी जाऊ लागले. नाला म्हणजे एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला मारक्या स्वभावाची एक म्हैस आणि मधे काय होतं ते न सांगितलेलं बरं. सायकल खांद्यावर, उपासनेचा पांढरा झगा दातांत, अशी ती स्थूल मूर्ती उडी मारायची, आणि उडी दरवेळी हातभर कमी पडायची. "अहो, वय काय, करता काय!" म्हणून बायको दारातच बादली घेऊन उभी असे. शिवाय मावशीला आवाज जाऊ नये म्हणून हाकही बंद. गल्लीत इतकी शांतता पसरली, की आम्हालाच करमेना.

लढाई संपली, पेढे वाटून झाले, पण बाळूचा पत्ता नव्हता. मावशीने हातातला पेढा न खाता देवापुढे ठेवला. पाद्रीबाबांचा नाला चालूच राहिला.

आणि एका रविवारी दुपारी बाळू बसमधून उतरला. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात ट्रंक. उपासना आटोपून येणाऱ्या पाद्रीबाबांनी त्याला पाहिलं मात्र, सायकल रस्त्यात टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदाच चांगली बातमी घेऊन ते धावत सुटले. नाला विसरले, वचन विसरले. मावशीच्या ओट्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांना इतका दम लागला होता, की तोंड उघडं आणि आवाज नाही. मी समोरच दाढी करत बसलो होतो. मावशीने मान वर केली, टोपी पाहिली, उघडं तोंड पाहिलं, आत गेली आणि कडी लावली.

"आक्का... उघडा..." एवढंच कसंबसं निघालं.

"न्हाई उघडायची! तुमी काय सांगाय आलाय, ते मला ऐकायचं न्हाई! जावा माघारी!"

तोवर बाळू आला. "आये, मी हाय! बाळू!"

"पाया पडते पाद्रीबाबा, त्याचा आवाज काढू नगा!"

सगळी गल्ली जमली. कोणी समजावलं, कोणी शपथा घातल्या. शेवटी बाळूनेच दारावर लाथ मारली. "आये, सकाळधरनं पोटात काय न्हाई! उघडतीस का जाऊ परत?"

खाडकन कडी निघाली. मावशीने बाळूच्या तोंडावरून हात फिरवला, मग वळली आणि पाद्रीबाबांच्या छातीवर दोन्ही मुठींनी बडवत सुटली. हात दुखले तेव्हा तिथेच डोकं टेकून रडायला लागली. पाद्रीबाबांचा दम आता कुठे परत आला होता. हळूच म्हणाले, "काही नाही, आक्का. नुसताच आलोय."

त्यानंतर रविवारचं त्यांचं जेवण मावशीकडेच असे. पुढे बायको निवृत्त झाल्यावर दोघं नगरकडे गावी निघून गेली, आणि ऐंशीनंतर केव्हातरी माझ्या ऑफिसात फोन आला, की पाद्रीबाबा गेले. मावशीला सांगायला हवं होतं. मी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाय पुढे पडेनात. विडी ओढली, पानवाल्याशी उगाच बोललो. इतकी माणसं इतकी वर्षं हे काम ज्याच्या गळ्यात घालून मोकळी झाली, त्याने ते कसं केलं असेल, कोण जाणे.

मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी समोर जाऊन नुसताच उभा राहिलो. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि सूप बाजूला सारलं.

"एकल्यानं यायचं न्हवतंस रं," ती म्हणाली. "बस. आदी पानी पी."

मी पाणी प्यालो, आणि तिच्याआधी मीच रडायला लागलो.