आरशातली टोळी

सरावलीच्या आमच्या चाळीत सगळे कारखान्यात पाळ्या करणारे. दिवसभर घरी बसणारा मीच एक. समोरच्या खोलीतल्याने एकदा न राहवून विचारलंच, "भाईसाब, आप दिनभर करते क्या हो?" मी त्याला टाक दाखवला, काळ्या शाईची बाटली दाखवली, अर्धवट काढलेला डायनासोर दाखवला. "अच्छा," म्हणाला आणि ड्युटीवर गेला. पुन्हा काही विचारलं नाही.

तीन वर्षं मी एका आदिम शिकाऱ्याची चित्रकथा शाईने काढत होतो. माणूस आणि डायनासोर कधी एका काळात नव्हते, हे मलाही ठाऊक आहे. पण पुण्यात बसून कथा लिहून पाठवणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शिकारी आपल्या टोळीपासून तुटलेला, एकटाच रानोमाळ भटकणारा. मला तो सोपा गेला. कपाटाच्या आरशासमोर बसायचं, लाटणं भाल्यासारखं धरायचं आणि स्वतःला काढायचं. दुसरं होतं तरी कोण?

शेवटच्या भागात मात्र त्याला त्याची टोळी सापडते. समुद्रकिनारी चाळीस माणसं जाळं ओढताहेत आणि तो त्यांच्याकडे चालत येतो. दोन पानांवर मिळून एकच चित्र. "इथे वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं, नाहीतर तीन वर्षं फुकट," लेखकाने बजावलं होतं. नऊ दिवस खपून चित्र पाठवलं. त्याचा फोन आला, "छान आहे रे, पण गार वाटतंय." म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येईना. मी जाम चिडलो. जाळंच चुकलं असेल म्हणून चित्राची झेरॉक्स घेऊन दातिवऱ्याला कोळ्यांकडे गेलो.

किनाऱ्यावर एक म्हातारी मावशी बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि कागद लांब धरून पाहिला.

"जाळं बरोबर हाय." मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. "पन ही समदी तूच हायस."

मी कसनुसा हसलो.

"आनि ह्यो आला, त्याला कोन बगतंय? समदी तर भायेरच बगतात."

खरंच होतं. चाळीसच्या चाळीस जण आरशात पाहत होते. तो बिचारा एवढ्या लांबून आलेला, आणि एकाचीही मान त्याच्याकडे वळलेली नव्हती. तीन वर्षांत मी कुणाकडे नीट पाहिलंच नव्हतं. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं.

मी वही काढली. "मावशी, घरचं माणूस खूप दिवसांनी आलंय असं समजून जरा बघा ना."

तिने कपाळावर आडवा हात धरला, डोळे बारीक केले आणि माझ्याकडेच पाहिलं.

"जेवलास का?"

नव्हतो जेवलो. मान खाली घालून रेघा मारत राहिलो.

चित्र मी पुन्हा पहिल्यापासून काढलं. चाळीस वेगळे चेहरे, सगळे त्याच्याकडे वळलेले. सर्वांत पुढे मावशी. लेखकाने टोळीच्या तोंडी भारदस्त स्वागताची वाक्यं पाठवली होती. मी ती गाळून मावशीचे दोनच शब्द घातले.

"आदिमानव असं बोलतो का?" तो फोनवर ओरडला.

"डायनासोरशी लढतो, तर हेही बोलेल," मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "राहू दे."

मी फोन ठेवला आणि एका माणसापुरता भात लावला.