एकोणचाळीस हवा

गॅसवर सकाळचा चहा उकळत होता आणि कॅनडातून मुलीचा फोन आला. तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. एरवी "जय भीम आई" म्हणून सुरुवात होते आणि मग तिथल्या बेचव भाज्यांना नावं ठेवण्याचा आमचा कार्यक्रम रंगतो. त्या दिवशी आधी हुंदकाच ऐकू आला.

"आई, मी वापस येते. मले नाही जमत हे."

खरं सांगायचं तर काळजात धस्स झालं आणि त्याच काळजाने लगेच उडीही मारली. पोरगी परत येते! दीड वर्ष झालं होतं तिला जाऊन. मी मनातल्या मनात तिच्या पलंगावरची चादरसुद्धा बदलून टाकली. मग भानावर आले आणि विचारलं, "काहून वं? झालं काय?"

झालं होतं ते गाडीमुळे. ती तिथे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करते. दिवसभर एका घरून दुसऱ्या घरी जायचं, तेव्हा गाडीवाचून गत नाही. गाडी चालवायचा तिचा हा पहिलाच हिवाळा. बर्फ पडायला लागल्यावर तिने तिथल्या रीतीप्रमाणे थंडीचे टायर बसवून घेतले. ह्या टायरांचं रबर म्हणे मऊ असतं, हाडं गोठवणाऱ्या थंडीतही ते कडक होत नाही आणि बर्फावर पकड धरतं. आमचे हे ते ऐकल्यावर "म्हणजे टायरलेही स्वेटर!" म्हणून आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगत फिरले होते.

तर त्या स्वेटरवाल्या टायरांनी घात केला होता. ते बसवल्यापासून गाडीत एक पिवळा दिवा लागायचा. टायरात हवा कमी आहे असं सांगणारा दिवा. गाडी इमारतीच्या तळघरात उभी असली की दिवा नाही. तिथे ती मीटर लावून हवा बघायची, तर फारशी कमी नसायची. मग एखाद्या आजीच्या दारात गाडी लावून, आजीचं सगळं आटोपून बाहेर यावं, तर दिवा पेटलेला. भोवती बर्फ, ओळखीचं कोणी नाही, आणि टायर बसलं तर काय ही धास्ती. दोनदा तिने गाडी तिथेच सोडली आणि पुढच्या घरी पोहोचलीच नाही. आता तिच्या साहेबिणीने बजावलं होतं, ह्या आठवड्यात एकही घर चुकलं तर दुसरं काम बघ. शुक्रवारी निर्णय होणार होता.

"चारही टायर एकदम कसे पंक्चर होतीन?" मी विचारलं.

"तेच तं! दुकानवाला म्हणते टायर चांगले आहेत. बाजूचा दादा म्हणते बर्फात हवा कमीच ठेवाव, मंग टायर रस्ता पकडते. म्हणून मी दोन पॉइंट कमी ठेवते. गाडीत भूत आहे आई. मी तिकीट पाहून राहिली."

फोन ठेवला. मला रडणाऱ्या माणसासमोर हातावर हात ठेवून बसता येत नाही. अंगात एकदम काहीतरी संचारतं आणि समोर दिसेल ते काम मी धरते. त्या सकाळी दिसली ती दाराबाहेरची आमची गाडी. नागपूरची डिसेंबरातली सकाळ म्हणजे काही कॅनडा नव्हे, पण नळाखाली हात धरवत नाही इतपत गार तरी असते. मी कानाला मफलर गुंडाळला, कपाटातून हवेचं मीटर काढलं आणि पुढच्या टायराला लावलं. आदल्या दुपारी पेट्रोलपंपावर मी स्वतः उभं राहून तेहतीस भरून घेतली होती. मीटरवर एकोणतीस! दुसरं टायर एकोणतीस. मागची दोन्ही तशीच.

"हवा चोरली!" मी रस्त्यावरूनच ओरडले.

आमचे हे चहाचा कप घेऊन दारात आले. ह्यांनी उभं आयुष्य हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टा केल्या, त्यामुळे मशीन बिघडलं की आधी शांत बसायचं ही त्यांची शिस्त. माझी शिस्त उलटी.

"हवा चोरून कुठं ठेवते गा मानूस?" ते म्हणाले.

"भरलीच नाही त्यानं! मी आत्ता जाते पंपावर."

"दुपारी जाऊ. मले महालातल्या बाजारात जाच आहे. येताना भांडजो तू आरामात."

भांडण पुढे ढकलायला मी तयार झाले, पण पुरावा म्हणून गाडी हलवू द्यायची नाही असं ठरवलं. जेवणं झाल्यावर, निघायच्या आधी, पंपवाल्याला ठणकावून आकडा सांगता यावा म्हणून मी पुन्हा मीटर लावलं. ऊन छान पडलं होतं. बॉनेटला हात लावला तर गरम.

तेहतीस.

मला वाटलं मीटर बिघडलं. झटकलं, पुन्हा लावलं. तेहतीस! उन्हाच्या बाजूच्या टायरात तर चौतीस. कोणी हात लावला नव्हता, गाडी जागची हलली नव्हती, आणि चोरीला गेलेली हवा आपल्या पायांनी घरी आली होती.

"अहो! इकडं या! हवा वापस आली!"

समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. येऊ दे. मी रस्त्यावर उकिडवी बसून टायराला शाबासकी देत होते. गरमीने हवा फुगते आणि थंडीने आकसते, हे शाळेत घोकलेलं होतं, पण ते वाक्य माझ्या दारात, माझ्या गाडीच्या चाकात बसलेलं असेल हे इतक्या वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. आणि तेव्हाच दुसरी गोष्ट लख्ख दिसली. तळघर! तिचं तळघर उबदार असतं. ती उबेत हवा मोजते आणि गाडी नेऊन उभी करते बर्फात. भूतबित काही नव्हतं. आमच्या सकाळ-दुपारच्या फरकाला चार पॉइंट जातात, तर तिथे काय होत असेल!

मी हिशेब मांडायला लागले. सकाळी नऊ डिग्री असेल, दुपारी अठ्ठावीस. म्हणजे दहा डिग्रीला दोन पॉइंट धरायला हरकत नाही. मी बोटांवर मोजत होते, ह्यांना मधेमधे ओरडून आकडे सांगत होते, महाल केव्हाच विसरले होते. हे पायरीवर बसून माझ्याकडे बघत होते.

"तुले एक समजून राहिलं काय?" ते म्हणाले. "हवा बरोबर झाली तं तिची नोकरी राहते. नोकरी राहिली तं ते काही वापस येत नाही. तू इथं बसून तिले तिकडं ठेवाचा बंदोबस्त करून राहिली."

मी मीटर हातात धरून तशीच बसले. सकाळी बदललेली ती मनातली चादर मला दिसली. त्यांचाही चेहरा सकाळपासून उजळलेला होता, हे माझ्या आता लक्षात आलं. त्यांनाही ती हवीच होती ना. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं.

"तिले याचं असन तं येऊ दे," मी म्हटलं. "मी डोळे लावून बसली आहे. पण एका पिवळ्या दिव्याले भिऊन नाही आली पाहिजे माही पोरगी."

ते पायरीवरून उठले आणि म्हणाले, "तिले गाडीच्या दरवाज्यावरचा कागद पाहाले सांगजो."

संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, आम्ही व्हिडिओ कॉल लावला. ती तळघरातच होती. कोट काढून हातावर टाकलेला, इतकं तिथे उबदार.

"ड्रायव्हरचा दरवाजा उघड," मी हुकूम सोडला. "चौकटीवर कागद चिकटवला असन. हवा किती लिहिली आहे?"

तिने मोबाइल खाली नेला. "दोनशे तीस."

"दोनशे तीस? रणगाडा घेतला काय वं तू?"

"थांब, ते इथलं माप आहे. बाजूले बारीक अक्षरात तेहतीस आहे."

"हां! ते तेहतीस थंड टायराची. तू भरते गरम तळघरात. किती डिग्री असन तिथं?"

"तेरा-चौदा."

"आन् बाहेर?"

"वजा सतरा आहे आज."

तीस डिग्रीचा फरक, म्हणजे सहा पॉइंट. तिने दादाचं ऐकून ठेवलेली एकतीस बाहेर गेल्यावर पंचवीस होत होती, त्याहून थंडी पडली तर आणखी खाली. दिवा बिचारा खरंच सांगत होता आणि आम्ही त्याला भूत ठरवलं होतं.

"एकोणचाळीस टाक," मी म्हटलं.

"एकोणचाळीस! आई, फुटन ते!"

"टायराच्या अंगावर पाह. जास्तीत जास्त किती लिहिली आहे?"

ती वाकली, बोटाने चिखल पुसला. "एक्कावन्न."

"मंग? बाहेर गेली का ते आपोआप तेहतीस होते. आन् त्या दादाले सांग, कमी हवेनं पकड येत नाही, टायर लोळते."

तिच्याकडे हवा भरायचा लहानसा पंप होता. तो घरघर करायला लागला. आम्ही दोघं स्क्रीनला डोळे लावून छत्तीस, सदतीस असं तिच्याबरोबर मोजत होतो. आमचे हे, जे मशीनजवळ कधी ओरडत नाहीत, ते "बस! बस!" म्हणून ओरडले.

शुक्रवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. रोज तिचा मेसेज यायचा, "नाही लागला." तेवढेच दोन शब्द, आणि मी घरभर नाचायचे. शुक्रवारी फोन आला तेव्हा ती किंचाळतच होती. एकही घर चुकलं नव्हतं. साहेबिणीने तिला कामावर कायम ठेवलं होतं. वर, दुसऱ्या दोन पोरींना टायर कसे भरायचे ते शिकव म्हणून सांगितलं होतं.

"शाब्बास माही वाघीण!" मी ओरडले. हे माझ्या हातातला फोन ओढत होते, हसत होते, डोळे पुसत होते.

"आई, एक सांग," ती म्हणाली. "बर्फ गेलं का साधे टायर लावतीन. उन्हाळ्यात हवा किती ठेवू?"

उन्हाळ्यात. म्हणजे उन्हाळ्यातही ती तिथेच. ह्यांनी फोन ओढायचं थांबवलं.

"कागदावर आहे तेवढीच ठेवजो," मी म्हटलं. आवाज अगदी खणखणीत निघाला. "पण भरजो सकाळी, गाडी चालवाच्या आधी."