अंधारबनातून एक खुडूक कोंबडी

लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा एक गोष्ट मला काही केल्या कळेना. आमच्या वाळव्याकडच्या गावात एसटी यावी म्हणून लोक अर्ज करत होते, पुढाऱ्यांचे उंबरे झिजवत होते. आणि इकडे माझ्या थोरल्या नणंदबाई सुट्टी लागली की चांगल्या एसटीतून उतरून डोंगरात चालायला जात होत्या. तेही हौसेने, पायात कॅनव्हासचे बूट घालून! वन्सं मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, आणि पुण्याच्या आसपासचा एखादा किल्ला त्यांनी चढलेला नाही असं कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. नाताळच्या सुट्टीत त्यांची नेहमीची मैत्रीण आजारी पडली आणि आमच्या ह्यांनी परस्पर माझं नाव पुढे केलं. "इंदूला ने की. शेतातली मुलगी आहे, चालायची सवय आहे तिला." शेतात आम्ही कामाला चालत होतो, हवा खायला नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण वन्सं इतक्या आशेने बघत होत्या की नाही म्हणवेना. बेत असा ठरला: मुळशीच्या पुढे पिंपरी गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी अंधारबनाच्या रानातून चालत खाली कोकणात भिऱ्याला उतरायचं, आणि तिथून एसटीने परत.

आदल्या दिवशी वन्संनी माझी पिशवी तपासली. डोंगरात फालतू वजन न्यायचं नाही हा त्यांचा कायदा. पावडरचा डबा गेला, दुसरं लुगडं गेलं, आरसा गेला. शेवटी हात आला तो स्टीलच्या डब्यावर.

"हा एवढा मोठा कशाला?"

"दशम्या यातच मावतात. आईचा आहे."

त्यावर ठिपक्याठिपक्यांनी वडिलांचं नाव कोरलेलं होतं. आदल्या वर्षीच्या दिवाळीचा चिवडा त्यातून आला होता आणि डबा माझ्याकडेच राहिला होता. गावाकडचं कुणीही पुण्याला आलं की आईचा निरोप असायचाच: डबा पाठवून दे. मला हसू यायचं. एवढा संसार केलेली बाई आणि जीव अडकलाय एका डब्यात! जाणारं कुणी भेटलं की देईन पाठवून, असं म्हणता म्हणता वर्ष गेलं होतं. डबा वन्संच्या कायद्यातून कसाबसा सुटला.

स्वारगेटहून दुपारची गाडी धरली. भुगाव, भुकूम ही तेव्हा नुसती गावं होती, खिडकीतून भाताची रिकामी खाचरं आणि पेंढ्याच्या उडव्या दिसायच्या. पौडला तहसील कचेरीची कामं आटोपलेली माणसं चढली आणि गाडी इतकी भरली की माझ्या मांडीवर कुणाची तरी गुळाची ढेप आली. पौडच्या थांब्यावर भजी बरी मिळतात, पण चहा पिऊ नये, त्यात पाणीच फार. मुळशी सोडलं आणि धरणाचं पाणी जे डाव्या-उजव्या हाताला लागलं ते संपेचना. निळं, शांत, मध्ये टेकड्यांची बेटं. मी वन्संना म्हटलं, "इथंच बसू दोन दिवस." त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. निवे गावाला गाडी संपली. पुढे तांबड्या मातीच्या रस्त्याने पायी. दिवस मावळता मावळता पिंपरीत पोचलो.

उतरलो ठकूबाईंकडे. वन्सं पूर्वी दोनदा त्यांच्याकडे राहिल्या होत्या. साठीच्या आत-बाहेरची, काटक, बोलायला फटकळ बाई. तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि वन्संना म्हणाली, "ही तुमची भावजय व्हय? बरी हाय. हिला तरी घरात बसू द्यायची." मला बाई फार आवडली. जेवायला नवा आंबेमोहोर होता. त्याचा वास ओट्यावर बसूनच पोटात गेला. वर कुळथाचं पिठलं. आज हॉटेलात त्या नावाचा भात समोर आला की मी आधी वास घेते आणि गप्प जेवते.

सकाळी निघायच्या वेळी ठकूबाई एक टोपली घेऊन आल्या. वर फडकं घट्ट बांधलेलं. "खाली चाललाय नव्हं? मग एवढं माझ्या सगुणाला द्या. भिऱ्याच्या अलीकडच्या वाडीत हाय, वाटंवरच घर."

त्या वाटेची तशी रीतच होती. वरून खाली जाणाऱ्याने वरच्या घरांचं खाली न्यायचं, खालून येणाऱ्याने खालचं वर आणायचं. मुलगा असो, गुराखी असो की पुण्याची पाहुणी, कुणी नाही म्हणत नसे.

"काय आहे यात?" वन्संनी विचारलं.

"कोंबडी. अंड्यांवर बसलीया."

वन्सं दोन पावलं मागे सरल्या. जन्म शनिवार पेठेतला. कड्याच्या टोकावर ही बाई खुशाल पाय सोडून बसायची, पण कोंबडीने पंख फडफडवले की पाचावर धारण. वजनाचा कायदा त्यांना त्या क्षणी जोरात आठवला. पण ठकूबाई माझ्याकडे वळून सांगतच होत्या.

"ही तांबडी सगुणानंच पिलापास्नं वाढवलेली. पंचमीला आली तवा म्हनली, न्हेते. मी म्हनलं, न्हाई, हितली कोंबडी हितंच ऱ्हाईल. सगळ्यांम्होरं म्हनलं. तर रुसून गेली ती दिवाळीलाबी आली न्हाई." जरा थांबून म्हणाल्या, "तिच्याकडं मर लागली, समद्या कोंबड्या गेल्या म्हनं. तवा ही देते धाडून. आन् तिला म्हनावं, टोपली परत पायजे."

दिवाळीला लेक माहेरी आली नाही म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी टॉवेलची चुंबळ केली आणि टोपली डोक्यावर घेतली. गावाबाहेर पडल्यावर वन्सं हळूच म्हणाल्या, "कोंबडी दिली आणि टोपलीवर जीव बघ. चिकटपणा तो केवढा!" मीही हसले.

आता वाटेबद्दल. पिंपरी सोडली की थोड्या चालीनंतर रान सुरू होतं, आणि नाव खोटं नाही. बाहेर लख्ख ऊन आणि आत दिवेलागण झाल्यासारखा उजेड. हिरडा, जांभूळ, अंजन, आणि झाडाझाडांना लपेटलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. मध्येच रान संपून पिवळ्या गवताचं पठार लागतं आणि एका बाजूला दरी अशी उघडते की डोक्यावर टोपली असलेल्या बाईने तिकडे न बघितलेलं बरं. जाणार असाल तर: वाट बहुतेक सपाटीची आणि उताराची आहे, दम लागत नाही, गुडघे दुखतात. पाणी ओढ्यांना हिवाळ्यापर्यंत असतं, उन्हाळ्यात भरवसा नाही. आता हे अभयारण्य आहे, आत जायला पैसे आणि परवानगी लागते, आणि पावसाळ्यात कधीकधी वाट बंदच ठेवतात. निघण्याआधी चौकशी करा. गावातला वाटाड्या घ्या. एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाला उतरायचं असल्याने परतीच्या गाडीची सोय आधी बघा.

दुसऱ्या ओढ्याशी आम्ही टेकलो. मी टोपली सावलीत ठेवून पाण्यावर गेले. वन्संना काय वाटलं कोण जाणे, कोंबडीची दया आली. बिचारी गुदमरत असेल म्हणून त्यांनी हातभर काठीने, लांबूनच, फडक्याची गाठ सोडवली. मी वळले तेव्हा तांबडा फडफडाट हवेत होता आणि वन्सं एका दगडावर चढून किंचाळत होत्या. कोंबडी करवंदीच्या जाळीत नाहीशी झाली.

"इंदू, आता काय गं? त्या ठकूबाईंना काय तोंड दाखवायचं?" वन्संना रडू फुटायचं बाकी होतं. सगुणाची दिवाळी माझ्याही डोळ्यांपुढे आली. जाळीत शिरून कोंबडी धरणं शक्य नव्हतं. हुसकावली तर आणखी आत जाणार.

"काही करायचं नाही," मी म्हटलं. "लांब सरायचं आणि गप्प बसायचं. तिची अंडी इथं आहेत, ती येईल." म्हटलं खरं, पण खात्री माझीही नव्हती. घरच्या परसात कोंबडी परत येते. हे तर मुंगसा-बोक्यांचं रान.

मग आम्ही बसलो. खूप वेळ बसलो. न बोलता, न हलता. मी जन्मात कधी रानात अशी बिनकामाची बसले नव्हते. रानात जायचं ते सरपण आणायला, शेळीमागे, नाहीतर करवंदं काढायला. हळूहळू आवाज ऐकू यायला लागले. ओढ्याचा एक आवाज दगडावरचा आणि एक खळग्यातला, दोन वेगळे. वर फांदीवर लांबलचक शेपटीचं तांबूस शेकरू आलं, कसलंसं फळ खाऊन साल आमच्यावर टाकून गेलं. पानांतून उन्हाची एक तिरीप माझ्या पावलावरून सरकत टाचेशी गेली. मला एकदम इतकं बरं वाटलं की काय सांगू. वन्सं दर सुट्टीला काय शोधायला येतात ते मला तिथे, पळालेल्या कोंबडीची वाट बघताना कळलं.

ती आली. मान काढत, थबकत, आमच्याकडे एक डोळा ठेवून आली, टोपलीच्या काठावर चढली आणि अंगाखाली अंडी सारून, पिसं फुगवून बसली. मी जाऊन फडकं बांधलं. वन्सं म्हणाल्या, "इंदू, पुढच्या खेपेला सॅक तू भरायचीस."

वाटेतल्या हिर्डी गावच्या देवळापाशी दशम्या खाल्ल्या, लसणाची चटणी खाल्ली आणि उताराला लागलो. गुडघ्यांनी मला आयुष्यभराच्या शिव्या दिल्या. ऊन कलता कलता खालच्या वाडीत पोचलो. सगुणा अंगणात वाल पाखडत होती. आईसारखीच काटक, तेच फटकळ डोळे. मी टोपली उतरवली आणि कुणी दिली ते सांगितलं. तिने फडकं सोडलं, तांबडीला बघितलं, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"हितंच ऱ्हाईल म्हनली हुती," शेवटी म्हणाली. "आनि काय म्हनली?"

"टोपली परत पाहिजे म्हणाल्या," वन्संनी सांगितलं. "कुणी वर जाणारं असेल तर..."

सगुणा हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "टोपलीचं काय वं बाई! तिच्या माळ्यावर धा टोपल्या पडल्यात. ती माझी वाट बघतीया. कुणाच्या हाती कशापाय धाडू? मीच जाईन घिऊन."

मी तिथेच ओट्यावर बसून राहिले. माझ्या पिशवीत आईचा डबा होता.

चहा झाला. निघताना सगुणाने तो डबा माझ्या पिशवीतून ओढून घेतला आणि वालांनी गच्च भरला. "रिकामा न्हेऊ न्हाई घरला." तिला काय माहीत तो कुणाच्या घरचा.

भिऱ्याहून पाली, पालीहून खोपोली, तिथून पुण्याची गाडी, असं करत घरी आलो. ह्यांनी डबा बघितला आणि वालाच्या उसळीची फर्माईश केली. मी म्हटलं, हात लावायचा नाही. त्याच शनिवारी गावाकडची एसटी धरली.

आई दारातच होती. डब्याकडे तिने बघितलंही नाही. आधी माझ्या हातातली कपड्यांची पिशवी केवढी आहे ते बघितलं. "ऱ्हानार न्हवं?" मग डबा फळीवर ठेवत म्हणाली, "ह्येच्यासाठी कशाला आलीस? कुनाच्याबी हाती धाडला असतास." चार दिवस राहिले. वाल तिने सगळ्या भावकीत वाटले, लेकीने आणलेत म्हणून सांगून सांगून.

पुढच्या वर्षी वन्सं पुन्हा पिंपरीला जाऊन आल्या. सगुणा संक्रांतीला आली होती, चांगली आठ दिवस राहिली होती. टोपली मात्र खालीच विसरून आली. ठकूबाई म्हणे मजेत होत्या: "असू दे तितंच. पुढल्या खेपंला आनंल."

त्या शनिवारच्या मुक्कामातून मी परत निघाले तेव्हा आईने डबा पुन्हा भरला. शेंगदाण्याचे लाडू. फाट्यापर्यंत चालत आली आणि एसटी सुटायच्या बेताला खिडकीशी येऊन नेहमीसारखंच म्हणाली, "डबा परत धाड बरं का."

"आणते," मी म्हटलं.