पुढे चाल मिळालेला बॉक्सर

आमच्या घाटकोपरच्या चाळीतला मंग्या म्हणजे एकशे दहा किलोचा बॉक्सर. नाक्यावर आम्हीच बॅनर लावलाय, 'भावी चॅम्पियन'. आतली गोष्ट सांगतो, त्याची तिन्ही मेडलं पुढे चाल मिळून आलीत. हेवीवेटमध्ये त्याच्यासमोर कधी कोणी उतरलंच नाही.

आज सकाळी मरोळच्या स्पर्धेत पहिल्यांदा एक जण उतरला. मंग्याने तिन्ही राउंड बेदम मार खाल्ला आणि हरला. पण एकदाही खाली पडला नाही.

रिक्षात मी हळूच म्हटलं, "बॅनर उतरवूया का रे?"

सुजलेल्या ओठांनी तो हसला. "मेडलं उतरव. बॅनरवर 'भावी' लिहिलंय ना?"

आत्ताच बॅनरची सुटलेली दोरी घट्ट बांधून आलो. तुम्ही काय केलं असतं?